शिवेवरचा गोटा आणि टाकीची खूण

मंडळी, मुंबई-हावडा लोहमार्गावर भंडारा रोड नावाचे स्टेशन आहे. नाव भंडाऱ्याचे, पण स्टेशन उभे आहे वरठी गावात. उतारू उतरतो, भंडाऱ्याची वाट धरतो, आणि वरठीचे नाव त्याच्या तोंडीही येत नाही. मान एकाचा आणि भार दुसऱ्याचा, असे गावांच्या बाबतीत होते तसेच दगडांच्या बाबतीतही होते. आज बोलायचे आहे ते दगडाविषयी.

वरठीहून मोहाडीच्या बाजूला जा, तुमसरच्या बाजूला जा, नाही तर वैनगंगेच्या अंगाला जा. धानाच्या बांध्या, मधूनमधून एखादी बोडी, आणि कुठे तरी जमिनीच्या पोटातून वर आलेला उघडा खडक, असा हा मुलूख आहे. या मुलखात आणि एकंदरीतच आपल्या महाराष्ट्रात, गावाच्या शिवेवर किंवा टेकडीच्या पायथ्याशी एखादा मोठा गोटा असा असतो की त्याला नाव असते. त्याला शेंदूर लागलेला असतो. वाटसरूला वाट सांगताना त्याचीच खूण सांगतात : "त्या मोठ्या गोट्यापासून डाव्या हाताला वळा." असल्या गोट्यापाशी जाऊन तुम्ही म्हाताऱ्या माणसाला विचारले, "बाबा, हा इथं कोणी आणला?" तर उत्तर ठरलेले. "भीमानं आणला बाप्पा! कावड घेऊन चालला होता. एका अंगाचा भार जड झाला, तो त्यानं इथं टाकला." दुसऱ्या गावी भीमाऐवजी गवळी राजा येतो, तिसऱ्या गावी राक्षस येतो. आणि दगडांचे देऊळ असले तर हेमाडपंत येतो नि एका रात्रीत सारे बांधून जातो.

शाळेतली मुले हे ऐकतात आणि गुरुजींना विचारतात, "खरं का गुरुजी?" इथे गुरुजींची पंचाईत होते. खरे म्हणावे तर विज्ञानाचा तास फुकट जातो, खोटे म्हणावे तर पोराची आजी खोटी पडते. माझे म्हणणे असे की, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून मुलांना घेऊन सरळ त्या गोट्यापाशीच जावे. गोट्यावर दोन साक्षी असतात. एक कहाणीची, ती माणसाच्या तोंडी असते. दुसरी टाकीची, ती दगडाच्या अंगावर असते. दोघी एकमेकींशी क्वचित जुळतात, पण ऐकायच्या मात्र दोघींच्याही.

आधी कहाणीची साक्ष घेऊ. भीम हा आपल्या खेड्यांत नुसता महाभारतातला भीम राहिलेला नाही. गोंड बांधवांचा भिवसन हा डोंगराचा नि पावसाचा देव आहे आणि त्याची पूजा दगडाच्या रूपानेच होते. नागपूर जिल्ह्यात पारशिवनीच्या बाजूला कुवारा भिवसनाची मोठी यात्रा भरते. तेव्हा "भीमानं ठेवला" या दोन शब्दांच्या पाठीमागे कोणता भीम उभा आहे, पांडव की भिवसन, हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारावे मात्र जरूर.

याच लोहमार्गाने पूर्वेकडे निघालात तर तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा अशी स्टेशने मागे टाकून दरेकसा लागते. हा भाग पूर्वी आपल्या भंडारा जिल्ह्यातच होता. १ मे १९९९ पासून तो गोंदिया जिल्ह्यात गेला. तिथे धनेगावजवळच्या डोंगरात कचारगडाची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे निरनिराळ्या राज्यांतून गोंड समाजाचे लोक येतात. त्यांची परंपरा अशी सांगते की, या गुहेत त्यांच्या मूळ पूर्वजांना कोंडून ठेवले होते आणि दाराला एक प्रचंड शिळा लावली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो माता यांनी मुलांच्या सुटकेचा ध्यास घेतला. हिरासुका पाटारी नावाच्या वादकाने आपली किंगरी वाजवली, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आले, त्यांनी आतून जोर लावला आणि शिळा हलली. शिळा हलली खरी, पण तिच्याखाली सापडून हिरासुका पाटारी गेला.

मंडळी, या कहाणीत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दगड हलवताना माणूस दगावतो, हे तिने लपवलेले नाही. आणि जो दगावला त्याचे नाव तिने जपून ठेवले आहे. भीमाच्या नि हेमाडपंताच्या कहाण्यांत हे कधी आढळत नाही. त्यांत एक जण बोट लावतो आणि डोंगर उचलला जातो. हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री पंडित, हा १३ व्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री होता. कहाणी म्हणते, त्याने लंकेत जाऊन बिभीषणाला बरे केले आणि बक्षीस म्हणून देवळे बांधायला राक्षस मागून आणले. त्या कहाणीतले राक्षस कोण, हे ओळखायला फार लांब जायला नको. जड दगड उचलणारे, रात्रंदिवस राबणारे, आणि काम झाल्यावर ज्यांचे नाव कोणी विचारत नाही असे ते लोक.

आता दगडाच्या दुसऱ्या साक्षीकडे वळू. ही साक्ष वाचायला अक्षर-ओळख लागत नाही, पण नजर बसवावी लागते.

मोठा दगड फोडणारा पाथरवट प्रथम घण उचलत नाही. तो दगडाभोवती फिरतो. हातोडीने टकटक करून आवाज ऐकतो. अभंग दगड खणखणतो, आत भेग असलेला बद्द वाजतो. मग दगडाची जात पाहतो. भंडाऱ्याकडचा बराचसा खडक पट्ट्यापट्ट्यांचा आहे, भूगर्भशास्त्रज्ञ त्याला नाइस म्हणतात. त्यात पांढऱ्या गारेच्या शिरा असतात. पट्ट्याच्या बाजूने तो लवकर सुटतो, आडवा मात्र हट्ट धरतो. नागपूरच्या पश्चिमेला काळा बसाल्ट आहे. त्याचा पसारा नागपूरपाशी, सीताबर्डीच्या टेकडीच्या आसपास संपतो आणि पूर्वेला हे जुने पट्टेरी खडक सुरू होतात. म्हणून आपल्या बाजूला खरा बसाल्टचा घडीव चिरा सापडला तर तो लांबून आणलेला, एवढे धरायला हरकत नाही. पण काळा दिसला की बसाल्टच, असेही समजू नका. आपल्या जुन्या खडकांतही काळसर थर आहेत. खात्री नसली तर वहीत "काळसर दगड" एवढेच लिहावे.

फुटायची दिशा ठरली की त्या रेषेवर टाकीने ओळीने खोबणी पाडायच्या. खोबण वर रुंद, खाली निमुळती, आणि दोन खोबणींत साधारण सारखे अंतर. तिच्यात पाचर बसवायची. लाकडाची सुकी पाचर ठोकून तिला पाणी पाजले की ती फुगते आणि दगडावर आतून दाब देते. लोखंडी पाचर असेल तर तिच्यावर घणाचा घाव. पण एकाच पाचरीवर सारा जोर काढला तर दगड भलतीकडेच फुटतो. म्हणून पहिलीवर एक, दुसरीवर एक, तिसरीवर एक, असे ओळीने टोकापर्यंत जायचे आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात. प्रत्येक फेरीला आवाज बदलत जातो. शेवटी दगडाच्या पोटात कुरकुर होते नि भेग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावते. फुटलेल्या दोन्ही तुकड्यांच्या कडेवर प्रत्येक खोबणीचा अर्धा अर्धा भाग राहतो. अशी दात पडल्यासारखी कड दिसली की समजावे, इथे माणसाने दगड काढला आहे.

काही ठिकाणी आगही वापरत. खडकावर सरपण जाळायचे आणि तापल्यावर पाणी ओतायचे. मग दगडाचे पापुद्रे सुटतात. पण उन्हापावसानेही मोठ्या गोट्यांचे कांद्यासारखे पापुद्रे निघतात, तेव्हा नुसते पापुद्रे पाहून आगीचा निकाल देऊ नये. टाकीच्या रेघांचे तसे नाही. जवळजवळ, एकाच कलाने गेलेल्या तिरप्या रेघा किंवा टोकदार टाकीचे दाट ठिपके पावसाला काढता येत नाहीत.

आणि जर दगडाच्या फुटक्या बाजूवर नळीचा अर्धा भाग चिकटल्यासारखी लांब, गोल, सरळ पन्हळ दिसली, तर ती सुरुंगाची. सुरुंगाची दारू भरण्यासाठी पाडलेले ते भोक. ही खूण अलीकडच्या काळातली, रस्ते आणि रेल्वे आल्यानंतरची मानावी. आपल्या भागातून १८८० च्या दशकात लोहमार्ग गेला, पुलांना चिरे लागले, रुळांखाली गिट्टी लागली. एखाद्या "पांडवकालीन" गोट्याच्या पाठीवर सुरुंगाची पन्हळ दिसली तर ओशाळण्याचे कारण नाही. गोटा जुनाच आहे, घाव मात्र नवा आहे. दोन्ही लिहून ठेवावे.

ज्या खुणांनी भले भले फसतात त्या म्हणजे वाट्या. दगडावर बशीसारखे उथळ, गोल, गुळगुळीत खळगे, कधी एकेकटे, कधी ओळीने. त्यांना पाचरीच्या खोबणी म्हणू नये. पाचर बसायला खोबण खोल नि अरुंद हवी, आणि ती भेगेच्या रेषेवर हवी. वाटी उथळ नि रुंद असते आणि दगड तिथे फुटावा अशी तिची जागाही नसते.

या वाट्या पाहायच्या तर नागपूरहून काटोलच्या रस्त्याने जुनापाणीला जावे. तिथे माळावर बसाल्टच्या गोट्यांची वर्तुळे मांडलेली आहेत, सुमारे ३०० आहेत. मध्य प्रांताचा कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नाक याने ती पाहिली आणि तिथल्या गोट्यांवरच्या वाट्यांविषयी १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. युरोपातल्या जुन्या शिळांवरही अशाच वाट्या आहेत, याचे त्याला मोठे नवल वाटले. लोक त्या काळी ही वर्तुळे गवळ्यांची आहेत असे सांगत. पुढे १९६१ साली बी. के. थापर यांनी जुनापाणीला शास्त्रीय उत्खनन केले. टाकळघाट-खापा आणि माहूरझरी येथे शां. भा. देव यांनी १९६७ ते १९७२ या काळात खोदकाम केले. निष्कर्ष असा निघाला की ही वर्तुळे म्हणजे मृतांची स्मारके. त्यांत लोखंडाची हत्यारे सापडली, काळी-तांबडी मडकी सापडली, आणि घोड्याच्या हाडांबरोबर त्याचे तांब्याचे साजही सापडले. ही माणसे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला तर त्यांची लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली.

मग गवळ्याची कहाणी खोटी ठरली का? ते लोक गुरे राखणारे होते असे अनेक अभ्यासकांचे मत आहे, तेव्हा कहाणी अगदीच वाऱ्यावरची नाही. पण तीन हजार वर्षांपूर्वीची आठवण खेड्याने जशीच्या तशी जपली, असेही मी म्हणणार नाही. दगडांचे गोल रिंगण पाहिले की शेतकऱ्याला गुरांचा वाडा आठवायचाच. वाडा म्हटला की गवळी आला, आणि वाडा इतका मोठा म्हटल्यावर गवळी राजाच असला पाहिजे. कहाणी पुष्कळदा अशीच जन्मते, डोळ्यांना जे दिसते त्याचे कारण शोधता शोधता. वाट्यांचा अर्थ मात्र अजून पुरता लागलेला नाही. सूर्याच्या उगवण्या-मावळण्याशी त्यांच्या दिशांचा संबंध असावा, असा विचार काही अभ्यासकांनी मांडला आहे.

इथे आणखी एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी नागपुरात १८४५ पासून होते. त्यांना दगडांचा नाद होता आणि माणसांच्या बोलीचाही. गोंडांचे लिंगोचे दीर्घ गीत त्यांनी टिपून घेतले. मघाशी कचारगडाची जी कहाणी सांगितली तिच्याच घराण्यातले ते गीत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापली. एका माणसाच्या झोळीत दगडाची टिपणे होती आणि गीताचीही होती, हे आपण ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे दगडाचा अभ्यास करणारे वेगळे झाले नि गीतांचे वेगळे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. कहाणी आणि टाकी या दोन साक्षी कधी कधी एकाच जागी भेटतात. आपल्याकडे अनेक ठिकाणी असे सांगतात : "या दगडाला टाकी लावली, तर रक्त आलं. म्हणून सोडून दिला, नि मग त्याचा देव झाला." कुठे टाकीऐवजी कुऱ्हाड असते, कुठे नांगराचा फाळ. ही कहाणी ऐकली की शहाणा माणूस हसतो. हसू नये. त्या गोट्याभोवती एक फेरी मारावी. जर एखाद्या अंगाला पाचरीच्या खोबणींची अर्धवट ओळ दिसली, चार पूर्ण, पाचवी अर्धी आणि पुढे कोरा दगड, तर तिथे काम थांबले एवढे निश्चित. का थांबले? दगडात आडवी भेग निघाली असेल. मालकाचा पैसा संपला असेल. कोणाला इजा झाली असेल. आणि रक्ताचे म्हणाल, तर ज्या दगडात लोहाचा अंश आहे त्याच्या भेगेतून पाणी झिरपले की तांबडा ओघळ येतो. ताज्या घावातून तांबडे पाणी आलेले पाहून टाकी खाली ठेवणाऱ्या माणसाला आपण वेडा का म्हणावे? पाथरवटाच्या हाताला झालेल्या जखमेचेही ते रक्त असू शकेल. दगडाचे म्हणून ते लक्षात राहिले, माणसाचे म्हणून राहिले नसते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. असेही असेल की कोणी तरी पिढ्यांनंतर त्या खोबणी पाहिल्या आणि त्यांचा उलगडा म्हणून कहाणी रचली. कोणती गोष्ट आधीची, हे नुसत्या ऐकण्यावरून ठरत नाही. पण एवढे खरे की, रक्ताच्या कहाणीने त्या दगडाला राखले. आसपासचे दगड घरांच्या जोत्यांत गेले, विहिरींत गेले, हा उरला. सरकारी फलक न लावता कितीतरी दगड आजवर केवळ कहाणीच्या जोरावर टिकले आहेत.

काम अर्धवट राहिल्याचा सर्वांत मोठा दाखला पाहायचा तर चंद्रपुरास जावे. शहराच्या दक्षिणेला लालपेठकडे प्रचंड दगडी मूर्ती उघड्यावर पडलेल्या आहेत. नंदी आहे, गणपती आहे, शिवलिंग आहे, मासा आहे, कासव आहे. त्यांत एक दशमुखी देवी आहे, लांबी सुमारे २५ फूट. दहा तोंडे पाहून लोक तिला रावण म्हणू लागले. परंपरा सांगते की गोंड राजांच्या अमदानीत रायप्पा नावाच्या श्रीमंत वैश्याने मोठे शिवमंदिर बांधण्याचा संकल्प केला, पण तो मध्येच वारला आणि सारे जिथल्या तिथे राहिले. देवीचा रावण झाला, रायप्पाचे नाव राहिले, पण त्या अजस्र शिळांना आकार देणाऱ्या हातांविषयी परंपरा गप्प आहे. त्यांची सही म्हणून टाकीचे घाव आहेत, तेवढेच.

आपल्याच जिल्ह्यातल्या पवनीचे उदाहरण घ्या. जगन्नाथ टेकडी म्हणजे लोकांच्या लेखी देवळाची टेकडी. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे खोदले, तर आत मौर्य-सातवाहन काळातला बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. खांबाचे, पट्टीचे दान कोणी दिले ते दोन हजार वर्षांनी आपण वाचू शकतो. ज्याने ती अक्षरे कोरली त्याने आपले नाव मात्र कोरले नाही. निदान त्याला ते कोणी कोरू दिले नाही, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

आपण म्हणतो, टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही. म्हण चांगली आहे, पण तिच्यात सारे लक्ष दगडाच्या सोसण्याकडे आहे. टाकी धरणाऱ्याच्या तळहाताला पडलेले घट्टे तिला दिसत नाहीत. पाथरवट, बेलदार, वडार या लोकांनी आपली जाती, पाटे, उखळी, विहिरी, घाट, देवळे घडवली. गारेच्या दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन फुप्फुसे निकामी होतात, हे आज वैद्यकाने सिद्ध केलेले आहे आणि खदानीवरच्या माणसाला ते त्याआधीही ठाऊक होते. म्हणून दगडावरची खोबण पाहताना ती केवळ "प्राचीन अवशेष" म्हणून पाहू नये. ती कोणाच्या तरी दिवसभराच्या कष्टाची नोंद आहे, आणि बहुधा एकमेव नोंद आहे.

आणि ही नोंद झपाट्याने पुसली जात आहे. पूर्वी एक गोटा फोडायला चार माणसांना दिवस मोडावे लागत आणि तेवढ्या वेळात गावाला आडवे यायला सवड मिळे. आता यंत्र येते, सकाळी असलेला गोटा दुपारी क्रशरमध्ये गिट्टी होऊन निघतो. यंत्राला कहाणी ऐकू येत नाही. गौण खनिज काढायला महसूल खात्याची परवानगी लागते हे खरे, पण त्या कागदावर खडक असतो, गोट्याचे नाव नसते. १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. मात्र तो मुख्यतः यादीत नोंदलेल्या स्थळांना उपयोगी पडतो, आणि शिवेवरचे बहुतेक गोटे कोणत्याही यादीत नाहीत. शिवाय गुप्तधनाच्या लोभाने रात्री खणणारे आहेतच. ज्यांनी ही शास्त्रीय उत्खनने केली त्यांना तिथे मिळाली ती मडकी, लोखंड आणि हाडे, हे त्या लोकांना कोणी तरी सांगायला हवे.

तेव्हा शिक्षकांनी काय करावे? मोठी योजना नको. एक वही, दोरी, मोजपट्टी आणि वर्गातली पाच-सहा मुले पुरेत. जाण्याआधी तिथल्या पुजाऱ्याला किंवा ज्यांच्या शेतात गोटा आहे त्यांना विचारावे. शेंदूर खरवडू नये, तो काही आपला नाही. खुणा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा रंग भरू नये. सकाळी लवकर नाही तर दिवस कलताना जावे. भर दुपारी जो दगड सपाट दिसतो त्याच्यावरच्या रेघा तिरप्या उन्हात आपोआप उठतात. फोटो तेव्हाच काढावा आणि मोजपट्टी दगडाशेजारी ठेवून काढावा. खोबणीची लांबी, रुंदी, खोली, आणि दोन खोबणींतले अंतर मोजावे. गोल असेल तर गोल, चौकोनी असेल तर चौकोनी, जे दिसते तेच लिहावे. "पांडवकालीन", "मोगलकालीन" असले शब्द या पानावर नकोत. गट क्रमांक लिहावा, कारण उद्या तहसील कचेरीत अर्ज करायची वेळ आली तर तोच कामाला येतो. नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी, ग्रामसभेत वाचून दाखवावी, आणि एक प्रत पुरातत्त्व खात्याच्या नागपूरच्या कार्यालयाकडे पाठवावी.

दुसऱ्या पानावर कहाणी. ती सांगणाऱ्याच्याच शब्दांत उतरवावी. "भिवसनानं ठेवला" म्हटले असेल तर त्याचे "भीमाने स्थापन केला" करू नये. एकाच गावात दोन कहाण्या निघाल्या तर दोन्ही घ्याव्यात. पुरुषांना ठाऊक असलेली कहाणी आणि बायकांना ठाऊक असलेली कहाणी पुष्कळदा निराळी असते, म्हणून मुलींना आजीकडे पाठवावे. सांगणाऱ्याचे वय आणि त्यांनी ती कोणाकडून ऐकली, एवढे तळाशी लिहिले म्हणजे झाले.

आणि एक काम उद्यावर टाकू नये. पंचक्रोशीत हाताने दगड फोडलेला, जात्याला टाकी लावलेला एखादा तरी म्हातारा अजून असेल. त्याला सन्मानाने गोट्यापाशी घेऊन जावे, खोबणी दाखवाव्यात आणि विचारावे : हे काम कसे केले असेल, किती दिवस लागले असतील, इथेच का थांबले असेल? पुस्तकात नसलेले पुष्कळ तो सांगेल. त्याचे उत्तर लिहिताना पानाच्या डोक्यावर, सगळ्यांत आधी, त्याचे पूर्ण नाव लिहावे.